बाह्यांपुरतं कापड

इल्फर्ड
रविवार, १४ मे २००६

सुमन,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. ठेव. पण लिहिलेला कागद समोर पडला की तुला वाचल्याशिवाय राहवत नाही, हे मला माहीत आहे. भेळ संपल्यावर तिचा कागद उलगडून वाचणारी तू. म्हणून हे पत्र.

रघुवीरदादाचा निरोप पोचला. अनुराधाचं लग्न डिसेंबरात आहे, मुलगा बेळगावचा आहे, आणि तिच्यासाठी गोधडी शिवायला तुला आईची ती पाच लुगडी परत हवी आहेत. भाचीचं लग्न ठरल्याचं मावशीला मामेभावाकडून कळावं, यावर मी काही बोलत नाही. लुगडी ट्रंकेत आहेत, डांबराच्या गोळ्या घालून. त्यांचं बघू. आधी माझं ऐक, कारण हे सांगायला मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी नाही आणि सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

सुमे, मी तलवार धरली! खरी, लोखंडी, माझ्या छातीपर्यंत येणारी!

झालं असं की वरदाच्या दंडावर मला काळेनिळे डाग दिसले. चोवीस वर्षांची मुलगी, बँकेत नोकरी, आणि या उन्हाळ्यात लांब बाह्या घालून फिरते. विचारलं तर म्हणे, "नथिंग, आई." मनात नको नको ते आलं. कुणी मुलगा असेल आणि तो हात उचलत असेल, असं वाटलं. यांना दाखवलं. अडतीस वर्षं हाडांची डॉक्टरी केलेला माणूस, डागावर बोट दाबून म्हणाला, "काठीचा मार आहे. नेमका बसलाय." आणि पुन्हा पेपरात डोकं. असा बाप!

बुधवारी संध्याकाळी ती मोठी लांबडी बॅग घेऊन निघाली तशी मी मागच्या बसनं तिच्या पाठीवर. एका चर्चच्या हॉलमध्ये शिरली. दाराच्या काचेतून बघते तर आत दहा-बारा माणसं तलवारी घेऊन उभी, तोंडाला जाळीचे मुखवटे, आणि त्यातल्या एका सहा फुटी बाप्यानं माझ्या पोरीच्या डोक्यावर तलवार उगारलेली. मी दार ढकललं आणि ओरडले, "ए मुडद्या, सोड तिला!"

बत्तीस वर्षं या देशात राहून तोंडातून निघालं ते मिरजेचंच.

सगळा हॉल थिजला. बाप्यानं मुखवटा काढला. आतून आमच्या बसचा ड्रायव्हर निघाला! कीथ त्याचं नाव. रोज सकाळी मी त्याला गुड मॉर्निंग म्हणते. त्यानं तलवार खाली ठेवली आणि माझ्याकडे यायला तिच्यावरून पाय टाकला. झालं. मी आणखी भडकले. "शस्त्राला ओलांडतात का? आईबापांनी काही शिकवलं की नाही?" हे मात्र इंग्रजीत म्हटलं. आणि वाकून ती उचलली, कपाळाला लावली. विचार करून नाही, तसंच झालं.

कीथ माझ्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, "मिसेस के, तुम्ही यापूर्वी कधी हिला हात लावलाय?"

"नाही."

"मग दोन्ही हातांत अंतर बरोबर कसं ठेवलंत?"

वरदा लाजेनं मेली होती. "आई, प्लीज. हा क्लब आहे. आम्ही जुन्या मॅन्युस्क्रिप्ट बघून शिकतो, मग लोकांना शो करतो. सोर्डला धार नाय. कोणी मरत नाय." धार नव्हती हे खरं. मी अंगठा लावून पाहिला. वजनही दीड किलोच्या आतलं. पण सुमे, ती हातात धरल्यावर पाठीचा कणा आपोआप सरळ होतो गं.

येत्या बुधवारी मी पुन्हा जाणार आहे. यांना अजून सांगितलं नाही.

तुझी
अक्का


रविवार, ११ जून

सुमन,

उत्तर नाही. मी वाट बघत होते असं नाही, तरी टपालवाला आला की उठत होते.

इथे फुटबॉलचा हंगाम आहे. गल्लीतल्या गाड्यांना झेंडे लागलेत, आणि माणसं टीव्हीसमोर बसून गळे काढतात. मला त्यातलं काही कळत नाही. मी स्वयंपाकघरात लाटणं घेऊन पवित्रे करते. हे परवा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "लीला, साठीला तीन वर्षं आहेत अजून. बुद्धी आधीच नाठी?" आणि वर, "मी जन्मभर लोकांची हाडं बसवली. आता घरचं काम आणू नकोस." पण रात्रीच्या जेवणाला कॅल्शियमची गोळी ताटाशेजारी होती.

आता मुख्य बातमी. कीथनं मला एक चित्र दाखवलं. सातशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीतली पानं त्यानं झेरॉक्स करून ठेवलीत. पानोपानी एक पाद्री आणि त्याचा चेला तलवार आणि ताटलीएवढी ढाल घेऊन लढतायत. आणि शेवटी शेवटी चेला जातो आणि त्याच्या जागी एक बाई येते! लांब झगा, केस मोकळे, हातात ढाल-तलवार, पाद्र्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी. कुठली, कोण, कुणाला ठाऊक नाही. सातशे वर्षं तशीच उभी आहे. मला ती इतकी आवडली की मी झेरॉक्सची झेरॉक्स काढून फ्रिजवर लावली.

ऑगस्टच्या बँक हॉलिडेला आमच्या पार्कात मोठा मेळा असतो. तिथे क्लबचा जाहीर कार्यक्रम आहे. वरदा लांब तलवारीचे डाव करणार. पण ती बाई करायला कुणी नव्हतं. कीथ म्हणाला, "तुम्ही."

मी म्हटलं, "मी सत्तावन्न वर्षांची आहे."

"पोथीत तिचं वय लिहिलेलं नाही," म्हणाला.

मला जमतंय, सुमे! का जमतंय ते फक्त तुलाच कळेल. हा डाव कसा, तर तलवारीचा हात एकटा पुढे पाठवायचा नाही. एकटा गेला की तो कापला जातो. ढालीचा हात कायम त्याच्यासोबत हवा, दोन्ही मनगटं जवळजवळ. इथल्या तरुण पोरांचे हात दोन दिशांना फाकतात, आणि माझे फाकतच नाहीत. कीथ विचारतो, हे कुठे शिकलात? अरे बाबा, मिरजेच्या मुलींच्या शाळेत आठ वर्षं लेझीम खेळलेय! दोन हात एका लेझमीला बांधलेले, बसायचं, उठायचं, पुढे, मागे. समोर माझी बहीण, आणि ती पट्टीच्या आवाजात मोजायची, एक, दोन, तीन, चार. मी अजून पाय टाकताना तुझ्या आवाजात मोजते. वरदा परवा म्हणाली, "आई, तुझा मनगट एकदम स्ट्रॉंग आहे, कीथ बोलला." मी तिला "तुझं मनगट" म्हणायला शिकवलं आणि मग दिवसभर खूश होते.

एकच अडचण आहे. लोखंडी तलवारीशी खेळायचं तर जाड शिवलेलं जॅकेट हवं, मनगटापर्यंत बाह्यांचं. त्याशिवाय कीथ लाकडी तलवारीच्या पुढे जाऊ देत नाही. तयार मिळतात ती सहा फुटी बाप्यांची. वरदाचं मी घातलं तर बाह्या लोंबल्या आणि पोटावर बंद लागेना. मी हसून हसून खुर्चीवर बसले.

लुगडी बरी आहेत. कालच ट्रंक उघडून पाहिली.

अक्का


रविवार, ९ जुलै

सुमन,

उन्हाचा असा तडाखा इथे मी बत्तीस वर्षांत पाहिला नाही. लोक पार्कात उघडे पडलेत, आणि मी खिडकीत बसून जाड जॅकेट शिवतेय.

आधी चूक केली. रजईसारखा कापूस भरला. कीथनं त्यावर काठीनं चार टोले दिले, कापूस सगळा खाली पोटाशी जमला आणि खांदे रिकामे. तो म्हणाला, जुन्या काळी कापूस असा सैल भरत नसत. मऊ झालेलं जुनं कापड थरावर थर रचायचं, पंधरा, वीस, आणि सगळे थर एकत्र शिवून काढायचे. नवं कापड कामाचं नाही, ते ताठ राहतं. धुऊन धुऊन मेलेलंच हवं.

मी म्हटलं, अरे माणसा, ही तर वाकळ!

त्याला काय कळणार. पण मला हसू आवरेना. सातशे वर्षांपूर्वीचे हे तलवारबहाद्दर आमच्या आईची वाकळ अंगात घालून लढत होते की! मी घरी आले, दाभण काढलं, जाड दोरा काढला आणि बसले. कडेकडेनं आत जात धावदोरा, बोटभर अंतरावर दुसरा, आई घालायची तसाच. सोळा थर. बोटांची चाळण झालीय, पण अंगात घातल्यावर काय दिसतं म्हणून सांगू! पुढे बंद, गळा वर चढवलेला. वरदाला म्हटलं, मार. ती मारेना. "मार गं, बँकेतल्या साहेबासारखं समज." मग मारलं तिनं काठीनं, सपकन, खांद्यावर. आवाज फक्त धप्प. मला काही झालं नाही. पुन्हा मार म्हटलं. यांनी वरून विचारलं, "काय चाललंय?" "तुमची बायको मार खातेय," म्हटलं. "बरं," म्हणाले.

कापड घरातलंच. जुनं, सुती. बरंच होतं.

पण बाह्यांना पुरलं नाही. अंगाचाच भाग झाला, आणि तोही एक कोपरा सोडून. आठवतं ना, शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आई आत जोंधळ्याचे चार दाणे टाकायची? पांघरूण उपाशी राहू नये म्हणायची. इथे ज्वारीचं पीठ मिळतं, दाणे मिळत नाहीत. चार दुकानं फिरले. म्हणून कोपरा तसाच उघडा ठेवलाय.

बाह्या नसल्या तर लोखंड नाही, असं कीथनं पुन्हा बजावलं. सात आठवडे उरलेत.

अक्का


रविवार, ३० जुलै

सुमे,

रघुवीरदादाचा फोन आला होता. तू माझी पत्रं त्याच्या घरी नेऊन वाचून दाखवतेस म्हणे! लाटण्याची गोष्ट वहिनींना दोनदा वाचून दाखवलीस म्हणे! फोन ठेवल्यावर मी इतक्या जोरात टाळी वाजवली की हे दचकले. पण मग त्यानं पुढचं सांगितलं. तिसरं पत्र वाचून तू एवढंच विचारलंस, "कुठलं कापड?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तुला कळलंय.

आईची लुगडी होती ती. पाचही कापली. जांभळं, दोन हिरवी, विटकरी आणि ते पांढुरकं, ज्याचा मूळ रंग तुला-मला कुणालाच आठवत नाही. तुझा निरोप आलेला असताना कापली. परत द्यायची आहेत हे माहीत असताना. आधी मी स्वतःला सांगितलं की एकच कापते. कात्री लावली, कापड हाताला लागलं, आणि मग मी थांबले नाही. चार वर्षं ती ट्रंकेत होती, आणि मी एकदाही बाहेर काढली नव्हती. काढवत नव्हती. पहिल्यांदाच त्यांच्यात बसले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि मला बरं वाटलं. अनुराधाच्या वाटणीचं मी घेतलं. माझा दुसरा काही बचाव नाही.

आता सुरुवात केलीच आहे तर सगळंच सांगते.

आई गेली तेव्हा मला तिकीट मिळालं नाही म्हणून मी पोचले नाही, असं मी तुला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं. तिकीट मिळत होतं, सुमे. तुझा पहिला फोन आला त्याच दिवशी मिळत होतं. मी म्हटलं, आई दोनदा अशीच अंथरुणाला खिळून पुन्हा उठली होती, आताही उठेल. वरदाची परीक्षा होऊ दे, शाळेतल्या माझ्या ऑफिसचं इन्स्पेक्शन होऊ दे, मग जाईन. पाच दिवस. पाचव्या दिवशी तुझा दुसरा फोन आला. मी आले ती तेराव्याला. आणि आल्या आल्या काय केलं? सहावं लुगडं कुठे म्हणून विचारलं. निळं इरकली, तांबड्या काठाचं. तू म्हणालीस, आईला शेवटी तेच नेसवून पाठवलं. आणि मी चारचौघांसमोर तुला खोटारडी म्हटलं. जिनं तीन वर्षं आईचं अंथरूण काढलं तिला. खोटारडी मी होते, आणि ओरडले तुझ्यावर. ते निळं आईच्या अंगावर होतं, योग्यच झालं. तिचं सगळ्यात आवडतं होतं. माझं चुकलं. हे मी चार वर्षं लिहायला बघतेय आणि तलवारीच्या गोष्टी सांगत सुटतेय.

तू आता फाड हवं तर हे पत्र.

बाह्यांसाठी यांच्या जुन्या चादरी कापणार आहे. त्यात पॉलिएस्टर आहे, दाभण जात नाही नीट. बघू.

अक्का


मंगळवार, २९ ऑगस्ट

सुमे! सुमे, सुमे!

कुठून सुरू करू? हात दुखतोय, अक्षर बघ कसं उड्या मारतंय. क्रमानंच सांगते, नाहीतर तू म्हणशील अक्का नेहमीसारखी मधूनच सुरू करते.

गुरुवारी पार्सल आलं. मिरजेचा शिक्का बघून मी दारातच खाली बसले. वाटलं, माझीच पत्रं परत आलीत. यांनी कात्रीनं शिवण उसवली, आणि आतून निळं बाहेर आलं. निळं इरकली! तांबडा काठ!

मला आधी काही समजेना. आई ते नेसून गेली ना? मग तुझी चिठ्ठी सापडली. मी ती आता तोंडपाठ म्हणू शकते: "अक्का, तिकीट मिळत होतं हे मला तेव्हाच माहीत होतं. भावोजी फोनवर बोलून गेले होते. म्हणून लुगडं लपवलं. बाह्या कर."

चार वर्षं! चार वर्षं तुला माहीत होतं, आणि चार वर्षं ते तुझ्या कपाटात होतं, आणि मी इकडे तुझी माफी मागून रडून पत्र लिहितेय! सुंभ जळेल पण तुझा पीळ जायचा नाही. लबाड! खोटारडी! आता म्हणू शकते ना? मी हसत होते की रडत होते ते यांना कळेना. म्हणाले, "नाडी बघू का?" मी म्हटलं, "तुम्ही फोनवर काय बोलला होतात तिला?" तर म्हणे, "तिनं विचारलं तिकीट आहे का, मी म्हटलं आहे. मला काय माहीत ते लपवायचं होतं." चार वर्षांत या माणसानं मला हे सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

आणि पदराची गाठ! गाठ सोडली तर टेबलावर टपटप जोंधळे सांडले. वरदा म्हणाली, "व्हॉट इज धिस, आई? मावशीनं बर्डफूड पाठवला?" मी तिला आजीची रीत सांगितली. ती एकेक दाणा वेचत बसली, आणि एक खाली फ्रिजमागे गेला तर फ्रिज हलवायला लावला.

मग चार दिवस आमच्या घरात दुसरं काम नाही. मी कापड कापत होते, वरदा थर लावत होती, आणि डावी बाही कुणी शिवली सांगू? यांनी! चष्मा लावून, दिव्याखाली, ऑपरेशनचे टाके घालून. प्रत्येक टाक्याला गाठ. म्हणाले, "ही बाही उसवली तर माझी डिग्री परत देतो." रविवारी दुपारी मी उघड्या कोपऱ्यात दाणे टाकले आणि तो बंद केला.

मेळ्याआधी एक घोटाळा केला, तोही ऐक. शुक्रवारच्या सरावानंतर कीथ गाडी आणायला गेला तेवढ्यात मी तलवारींना हळदकुंकू लावलं. पहिल्यांदा चारचौघांत निघणार त्या, तशाच कशा जाऊ द्यायच्या? पाण्यात कालवून, छान पाच पाच बोटं ओढली आणि त्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवल्या. सोमवारी पेटी उघडली तर पात्यांवर तांबूस डाग, गंजाचे आणि कुंकवाचे, वेगळे करता येईनात. कीथचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याची लाडकी तलवार, रोज पुसून ठेवणारा माणूस. मी कारण सांगितलं. तो पात्यावर बोट घासून म्हणाला, "मिसेस के, तुमच्या देवाला तेल चालतं का?"

"चालतं."

"मग पुढच्या वेळी तेल."

घासायला वेळ नव्हता. तशाच घेऊन गेलो. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी किंचाळली, "ममी, लुक, ब्लड!" आणि बघता बघता दोरीभोवती गर्दी तिप्पट झाली. क्लबच्या इतिहासात एवढी माणसं कधी आली नव्हती म्हणे.

आता मधेच व्यवहाराचं, नाहीतर विसरेन. मी ९ डिसेंबरला निघते, हे आणि वरदा पण. तिकिटाची प्रत सोबत जोडलीय, नंबरासकट. यांनीच जोडली, पुन्हा कुणाला फोनवर विचारायला नको म्हणून. जॅकेट घेऊन येतेय. ते रुखवतात मांडायचं की उसवून त्याची अनुराधाला गोधडी करायची, ते तू ठरव. उसवायचं असेल तर डावी बाही यांनाच उसवू दे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही. तू म्हणशील तसं. खरंच तसं.

तर मेळा. वरदानं लांब तलवारीचे डाव केले. माझी पोर! एका दणकट बाप्याची तलवार तिनं अशी बाजूला सारली की लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग कीथ पाद्र्याचा झगा घालून आला. टक्कल त्याचं मूळचंच. माइकवर कुणीतरी पोथीतल्या बाईची गोष्ट सांगितली आणि म्हणालं, "आणि ही ती बाई, इल्फर्डची!" मी आत शिरले. सलवार, तुझ्या निळ्या बाह्यांचं जॅकेट, तोंडावर जाळी.  वाकून गवताला हात लावला, कपाळाला लावला आणि उभी राहिले.

ठरलेले डाव आधी होते. सहा. एकही चुकला नाही. मग कीथनं ठरल्याप्रमाणे तलवार कपाळाशी नेऊन विचारलं, "मोकळं खेळायचं?" नाही म्हणायची मुभा होती. मी मान हलवली, हो.

सुमे, तिथे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आता कुठून येईल ते ठरलेलं नव्हतं. तो पुढे आला. मी मोजायला लागले. मनात मोजतेय असं मला वाटलं, पण वरदा सांगते मी मोठ्यानं ओरडत होते, मराठीत, तुझ्याच पट्टीत. एक, मागे. दोन, हात एकत्र. तीन, बाजूला. आणि चारला मी लेझमीसारखी खाली बसले! त्याची तलवार डोक्यावरून गेली, आणि माझी त्याच्या पोटात. धप्प! झग्यावर कुंकवाचा डाग! गर्दीचा असा आवाज झाला, आणि त्यात हे, कधी मोठ्यानं न बोललेला माणूस, खुर्चीवर चढून ओरडत होते, "लीला! गुडघा सांभाळ!"

मग मला माज चढला. उठले ती सरळ त्याच्या अंगावर गेले. ढालीचा हात मागे राहिला. तलवारीचा एकटाच पुढे. कीथ काही हळू नव्हता, मी त्याला तशी शपथ घातली होती. त्याचा वार आला तो पूर्ण ताकदीचा, उजव्या दंडावर, मधोमध. सगळ्या पार्कात आवाज घुमला. वरदा दोरीखालून आत धावली. कीथनं तलवार टाकली, मुखवटा काढला, पांढराफटक. "मिसेस के! मिसेस के, लागलं का?"

मी बाहीवर हात फिरवला. काठ तिथेच आला होता, तांबडा. सोळा थर, एक दोरा तुटलेला नाही.

लागलं नाही, सुमे. जरासुद्धा लागलं नाही.

तुझी
अक्का